शब्दाची शिवण : वाचकांचे प्रश्न, बातमीतली क्रियापदं

मागच्या अंकात मी एक काम दिलं होतं. आठवडाभर कुठलंही एक इंग्रजी वर्तमानपत्र घ्यायचं, उपसर्ग किंवा प्रत्यय लागून तयार झालेल्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारायची, आणि जिथे अडाल ते मला कळवायचं. पत्रं भरभरून आली. काहींनी तर वहीच्या पानावर कात्रणं चिकटवून, बाणबिण काढून पाठवली आहेत. पुण्यातल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मी एकतीस वर्षं उपसंपादक होते. निवृत्त झाले तरी सकाळी पेपर उघडताना हातात पेन्सिल असतेच, त्यामुळे ही पत्रं वाचताना फार जवळचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, क्लासमध्ये सांगितलं की 'अन', 'डिस' आणि 'डी' हे तिन्ही नकारार्थी उपसर्ग आहेत. पण पेपरात 'अनव्हेल', 'अनअर्थ', 'डिनोटिफाय', 'डिसबर्स' दिसले. इथे 'नाही' हा अर्थ बसवला की वाक्यच कळेनासं होतं. – स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, उदगीर

तुम्ही अडलात ते योग्य जागी अडलात. क्लासमधलं वाक्य विशेषणांपुरतं खरं आहे. 'अनफेअर' म्हणजे न्याय्य नसलेलं. क्रियापदाला लागलेला 'अन' मात्र 'नाही' म्हणत नाही, तो झालेलं उलटवतो. 'अनलॉक' म्हणजे कुलूप न लावणं नव्हे, लावलेलं कुलूप काढणं. जून २०२० मध्ये टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठायला लागली तेव्हा हा शब्द गावोगावच्या पारावर पोचला, आणि त्याचा अर्थ कुणाला शिकवावा लागला नाही.

आता उपसर्गाच्या मागे क्रियापद नसून नाम असेल तर? 'व्हेल' म्हणजे पडदा. 'अनव्हेल' म्हणजे पडदा दूर करणं. पुतळ्याच्या बातमीत आपण 'अनावरण' लिहितो तोही असाच जोडलेला शब्द, अन् अधिक आवरण. 'अर्थ' म्हणजे माती. पोलिसांनी शस्त्रसाठा 'अनअर्थ' केला म्हणजे मातीतून उकरून काढला, मग तो खरोखरच पुरलेला असो की घराच्या माळ्यावर लपवलेला. 'सीट' म्हणजे खुर्ची. निवडणुकीच्या निकालात 'अनसीट' म्हणजे बसलेल्याला तिथून उठवणं.

'डी'ही तसाच. 'डीरेल' म्हणजे रुळावरून घसरणं, तो फ्रेंचमधून आला. पण तुम्ही विचारलेल्या 'डिनोटिफाय'पाशी मला जरा थांबायचं आहे. 'नोटिफाय'मधला 'इफाय' म्हणजे लॅटिनमधलं 'करणं', आणि आधीचा भाग 'माहीत असलेलं'. माहीत करून देणं, सरकारी मराठीत अधिसूचित करणं. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि त्याखाली एकेक जमात 'नोटिफाय' केली. जन्माला आलेलं मूलही त्या यादीत. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती, त्या भागाला जुनी माणसं अजून 'सेटलमेंट' म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'डिनोटिफाइड' झाल्या. आपण त्यांना विमुक्त म्हणतो. इंग्रजी शब्दात फक्त यादीतून काढल्याची नोंद आहे, मराठी शब्दात सुटका आहे. माणसांना ती सुटका पूर्ण मिळाली नाही, हे पेपर वाचणाऱ्याला ठाऊक आहेच. तुमच्या परीक्षेत हा शब्द हमखास येईल. तेव्हा नुसता अर्थ पाठ करू नका, दोन अक्षरांच्या उपसर्गाने काय उलटवलं ते डोळ्यांपुढे आणा.

राहिला 'डिसबर्स'. डेस्कवरचा माझा पहिला महिना होता. बातमीदाराच्या कॉपीत 'पोलिसांनी जमावाला डिसबर्स केलं' असं आलं होतं आणि मी ते तसंच पुढे सोडलं. पान सुटायच्या आधी मुख्य उपसंपादकांनी ते पकडलं. ते रागावले नाहीत. कागदावर दोरी आवळलेली एक थैली काढली आणि म्हणाले, हा 'बर्स' म्हणजे थैली, 'पर्स'चाच भाऊबंद. 'डिसबर्स' म्हणजे थैलीतून पैसे बाहेर काढणं, कर्ज किंवा अनुदान वाटणं. जमाव पांगवणं म्हणजे 'डिस्पर्स'. त्यानंतर ती चूक माझ्या हातून झाली नाही, कारण मला थैली दिसायची.

हीच रीत तुम्हाला सांगते. उपसर्ग दिसला की शिवण उसवून पाहा : मागे विशेषण आहे, क्रियापद आहे की वस्तू? अर्थ तिथून निघतो.

'रिअलाइज', 'ऑर्गनाइज' अशा शब्दांत मुलांना 'एस' शिकवायचा की 'झेड'? पुस्तकात एक आणि पेपरात दुसरं. – इंग्रजीचे शिक्षक, चिपळूण

सर, दोन्ही बरोबर. हा प्रत्यय ग्रीकमधून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे आला. ग्रीकशी इमान राखणारे 'झेड' लिहितात, फ्रेंच वळणाचे 'एस'. अमेरिकेत 'झेड'च चालतो, पण तो निव्वळ अमेरिकी आहे हा समज चुकीचा. ऑक्सफर्डची कोशपरंपरा 'झेड'चीच आहे आणि लंडनचा 'टाइम्स'सुद्धा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत 'झेड'च छापत होता. आपल्याकडच्या बहुतेक वर्तमानपत्रांत 'एस'. मुलांना एवढंच सांगा की एका उत्तरपत्रिकेत एकच धरायचा.

मात्र काही शब्दांना 'एस'शिवाय पर्याय नाही : सुपरवाइज, रिवाइज, अ‍ॅडवाइज, टेलिवाइज, सरप्राइज, एक्सरसाइज, कॉम्प्रोमाइज, अ‍ॅडव्हर्टाइज. इथे शेवटचा तुकडा तो प्रत्यय नाहीच. पहिल्या चारांत 'पाहणं' या अर्थाचा लॅटिन धातू दडला आहे. सुपरवाइज म्हणजे वरून पाहणं, रिवाइज म्हणजे पुन्हा पाहणं. हे आठ शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, महिनाभर पुसू नका.

पेपरात रस्ता 'वाइडन' होतो, कायदा 'टाइटन' होतो, आभाळ 'डार्कन' होतं. मग 'लाँगन', 'ग्रीनन', 'ड्रायन' का होत नाही? नातीने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. – एक आजोबा, मिरज

नातीला माझ्याकडून शाबासकी द्या. मोठमोठ्या माणसांना हा प्रश्न पडत नाही.

उत्तर शब्दाच्या अर्थामध्ये नाही, तोंडात आहे. शेवटी लागणारा हा 'ई-एन' आखूड, एका दमात उच्चारायच्या शब्दांना लागतो, आणि त्या शब्दाचा शेवट ट, ड, क, प, फ, स, श अशा अडवलेल्या किंवा घासलेल्या ध्वनीने व्हावा लागतो. वाइड, टाइट, डार्क, डीप, स्टिफ, टफ, लूस, फ्रेश. सगळ्यांना तो सहज चिकटतो. शब्दाचा शेवट स्वराने किंवा न, म, ङ, र, ल अशा वाहत्या ध्वनीने झाला की तो लागत नाही. म्हणून 'ब्लॅकन' आहे, 'रेडन' आहे, 'व्हाइटन' आहे, पण ग्रीन आणि ब्लू यांना ते दार बंद. ड्राय, स्लो, कूल, क्लिअर, थिन यांना काहीच न लावता तसंच क्रियापद म्हणून वापरतात. नातीला एकेक शब्द मोठ्याने म्हणायला लावा, तिचं तिलाच कळेल.

'लाँग' आणि 'स्ट्राँग' यांचा शेवट ङ ध्वनीने होतो. त्यांना प्रत्यय हवा तर आधी नाम व्हावं लागतं : लेंग्थ, मग लेंग्थन, आणि स्ट्रेंग्थ, मग स्ट्रेंग्थन. 'हाय'चंही तसंच, हाइट आणि मग हाइटन. पेपरात 'टेन्शन हाइटन्स' दिसेल ते हेच.

'सॉफ्ट'ला 'ई-एन' लागला की मधला 'टी' लिहायचा पण बोलायचा नाही, 'सॉफन'. 'मॉइसन', 'फासन', 'हेसन' तसेच.

हेच 'ई-एन' शब्दाच्या पुढेही येतं : एनलार्ज, एनरिच, एनडेंजर. पण 'पॉवर'पुढे आलं की 'एम्पॉवर', 'बिटर'पुढे 'एम्बिटर'. प आणि ब म्हणायला ओठ मिटतातच, म्हणून न आधीच ओठांवर येऊन म होतो. आपण 'संप' म्हणताना अनुस्वाराचा म करतो आणि 'संत' म्हणताना न करतो ना, तसंच. नातीला 'संप, संत, संगम' म्हणायला लावून मग 'एम्पॉवर' शिकवा. मराठी कानाला हा नियम आधीपासून येतो, त्याला फक्त ओळख करून द्यायची आहे.

मी मराठी दैनिकात इंग्रजी एजन्सीच्या बातम्या मराठीत करतो. 'आइज' आला की '-ईकरण' लावायची सवय झाली आहे : नियमितीकरण, सुलभीकरण, काँक्रिटीकरण. वरिष्ठ म्हणतात, हे मराठी नव्हे. तुमचं मत? – तरुण उपसंपादक, नाशिक

माझं मत सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न मराठी पत्रकारितेइतकाच जुना आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं तेच शेजारी-शेजारी इंग्रजी आणि मराठी रकाने घेऊन. हे दोन रकाने तेव्हापासून एकमेकांकडे बघत आले आहेत.

आधी '-ईकरण'च्या बाजूने. ते इंग्रजीवरून घेतलेलं नाही. पाणिनीच्या व्याकरणात 'च्वि' नावाचा प्रत्यय आहे. जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं, याला परंपरेत 'अभूततद्भाव' म्हणतात. या प्रत्ययाची सगळी अक्षरं गळून जातात, मागे खूण म्हणून फक्त दीर्घ ई उरते. शुद्ध नव्हतं ते शुद्ध करणं, शुद्धीकरण. ऱ्हस्व लिहून 'शुद्धिकरण' केलं की ती एकुलती एक खूणही पुसली जाते, म्हणून मुद्रितं तपासताना मी त्या वेलांटीसाठी हटून बसत असे. इंग्रजी 'आइज' जे काम करतो तेच काम हा प्रत्यय करत आला आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँका 'नॅशनलाइज' झाल्या तेव्हा 'राष्ट्रीयीकरण' हा शब्द बातमीत सहज बसला आणि 'राष्ट्रीयीकृत बँक' लोकांच्या तोंडी रुळली.

'डांबरीकरण' आणि 'काँक्रिटीकरण' यांनाही मी मराठीच म्हणते. एका बाजूला पाणिनीचा प्रत्यय, दुसऱ्या बाजूला इंग्रजी काँक्रिट, आणि 'आमच्या गल्लीचं काँक्रिटीकरण कधी होणार?' हे वाक्य नगरसेवकाच्या दारात रोज ऐकू येतं. लोकांनी शिवलेला शब्द उसवायचा अधिकार कुणाला नाही. गंमत वाटेल, पण इथे इंग्रजीतच अडचण आहे. मुंबईच्या रस्त्यांबद्दल आपले इंग्रजी पेपर 'काँक्रिटाइज' लिहितात. इंग्लंडमधला वाचक त्याचा अर्थ अमूर्त कल्पनेला ठोस रूप देणं असा घेईल.

आता वरिष्ठांच्या बाजूने. तुम्ही पाठवलेल्या कात्रणातलं वाक्य घेऊ : 'अनधिकृत बांधकामांचे नियमितीकरण करण्यात येणार आहे.' इंग्रजी कॉपीत इथे सरळ क्रियापद होतं, 'रेग्युलराइज'. तुम्ही त्याचं नाम केलंत, मग नामाला पुन्हा 'करणे' जोडलंत. 'करण' आणि 'करण्यात', एकच धातू दोनदा. शिवाय 'येणार आहे'ने कर्ता पार दिसेनासा झाला. 'अनधिकृत बांधकामं महापालिका नियमित करणार' असं लिहून बघा. कुणी, काय, कशाचं, सगळं कळतं आणि मथळ्यात जागाही उरते. 'रस्त्याचे रुंदीकरण करण्यात येणार'ऐवजी 'रस्ता रुंद करणार'. 'प्रक्रियेचे सुलभीकरण'ऐवजी 'प्रक्रिया सोपी'.

म्हणजे मी रेघ अशी ओढेन. वाक्यात नामाची जागा असेल, एका मोठ्या घडामोडीला नाव द्यायचं असेल, तर '-ईकरण' घ्या : शहरीकरण वाढलं, राष्ट्रीयीकरणाला पन्नास वर्षं झाली. क्रियापदाची जागा असेल तर क्रियापद लिहा. मराठीकडे क्रियापदं घडवायची स्वतःची हत्यारं आहेत. रागापासून रागावणं, पाण्यापासून डोळे पाणावणं, फेसापासून फेसाळणं, लाथेपासून लाथाडणं, काळ्यापासून काळवंडणं. या प्रत्ययांना गंज चढू देऊ नका. बातमीत 'समुद्र फेसाळला' लिहायला मिळालं तर 'समुद्रात फेसनिर्मिती झाली' लिहू नका, एवढीच विनंती.

८ नोव्हेंबर २०१६ची रात्र मला आठवते. पाचशे आणि हजारच्या नोटा 'डीमॉनेटाइज' झाल्या. इंग्रजी शब्दात पुढे 'डी', मागे 'आइज', मध्ये नाणं. मराठी डेस्कांवर कुणी 'विमुद्रीकरण' लिहिलं, कुणी 'निश्चलनीकरण'. दोन्ही व्याकरणाला धरून आहेत. निश्चलनीकरणाची शिवण तर फार नेटकी आहे, चलन, निस् आणि ई. पण बँकेसमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाने 'नोटबंदी' म्हटलं, आणि दारूबंदी, नसबंदी, चराईबंदी यांच्या ओळीत तो शब्द जाऊन बसला. पेपरांनाही तो घ्यावा लागला.

मी नोकरीनिमित्त बंगळुरूत असतो. परदेशी सहकारी 'प्रीपोन', 'एअरडॅश' (विमानाने तातडीने जाणं), 'चार्जशीटेड' ही भारतीय पेपरांची चुकीची इंग्रजी म्हणतात. खरंच चुकीची का? – एक वाचक, बंगळुरू

घडण म्हणून पाहाल तर चुकीची नाही. 'पोस्टपोन'मध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोन' म्हणजे लॅटिनमधलं 'ठेवणं'. 'नंतर'च्या जागी 'आधी' बसवला की 'प्रीपोन'. सहकाऱ्यांना हेही सांगा की डिसेंबर १९१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ला आलेल्या एका वाचकाच्या पत्रात हाच शब्द, हाच अर्थ सांगून सुचवलेला आहे. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला, कारण आपल्याकडे मुहूर्त आणि तारखा अलीकडे घ्याव्या लागतात.

नव्या क्रियापदांवर नाराजी हीदेखील जुनीच. १७८९ च्या डिसेंबरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेबस्टर यांना पत्र लिहून 'नोटिस', 'अ‍ॅडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' यांचा क्रियापद म्हणून होणारा वापर रोखावा असं कळवलं होतं. आज हे तिन्ही शब्द क्रियापद म्हणून वापरताना कुणाची लेखणी अडत नाही.

'चार्जशीटेड', 'लाठीचार्ज्ड', 'घेरावड' यांत आपल्या कोर्ट-कचेरीचा आणि रस्त्यावरचा अनुभव आहे. 'एक्स्टर्न' घ्या. महाराष्ट्र पोलिस कायदा, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलिस कायदा) याच्या कलम ५६ खाली गुंडाला हद्दीबाहेर काढतात, आपण तडीपार म्हणतो. आत ठेवणं 'इंटर्न', त्याच्या उलट बाहेर घालवणं 'एक्स्टर्न'. या जागी दुसरा नेमका शब्द परदेशी सहकाऱ्यांनी सुचवावा. फक्त ज्याला वाचायचं आहे तो कुठला, ते पाहा. न्यूयॉर्कच्या ग्राहकाला मीटिंग 'प्रीपोन' केल्याचं लिहू नका, त्याची मीटिंग चुकेल.

वर्गात 'मायझल्ड' वाचलं म्हणून सगळे हसले. – नववीतला विद्यार्थी, बार्शी

बाळा, 'मिस' अधिक 'लेड', म्हणून 'मिसलेड', दिशाभूल झालेला. छापलेल्या शब्दात शिवण दिसत नाही म्हणून तू मध्येच तोडलास. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशीही पुष्कळ माणसं हा शब्द वर्षानुवर्षं तुझ्यासारखाच वाचत आली आहेत. क्रीडापानावर 'रिझाइन' आणि 'री-साइन' बघ. खेळाडूने पहिलं केलं तर तो संघ सोडतो, दुसरं केलं तर पुन्हा करारावर सही करतो. मधली एवढीशी आडवी रेघ त्याची नोकरी राखते. हसणाऱ्यांना उद्या हे दोन शब्द वाचायला दे.

'एडिट'ला 'ओ-आर' लागून 'एडिटर' झाला, असं मी वाचकांना सांगते. बरोबर ना? – ग्रंथपाल, सावंतवाडी

दिसतं तसं, पण घडलं उलट. इंग्रजीत 'एडिटर' सतराव्या शतकात आला. 'एडिट' हे क्रियापद त्याचं शेपूट कापून अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालं. 'टेलिव्हिजन'वरून 'टेलिवाइज' असंच निघालं. 'एस्कलेट'ही असाच, सरकत्या जिन्याच्या 'एस्कलेटर'वरून निघालेला. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीने तो जिना मांडला होता. क्रियापद नंतर आलं, आणि आता सीमेवरच्या बातमीत त्याला पुढून 'डी' लावून 'डी-एस्कलेट' लिहितात. म्हणजे प्रत्यय लावूनच नव्हे, प्रत्यय आहे असं समजून तो कापूनही क्रियापद होतं. तुमच्या वाचकांना हा क्रम उलटा करून सांगा, त्यांना आवडेल.

पुढच्या अंकासाठी फक्त क्रीडापान घ्या आणि 'आउट' लागलेली क्रियापदं वेचा : आउटप्ले, आउटक्लास, आउटलास्ट. एकट्याने होणारी क्रिया 'आउट' लागताच दुसऱ्या कुणावर तरी जाऊन पडते, ती कुणावर, ते प्रत्येक वाक्यात खूण करून पाठवा. कात्रणावर पेपरची तारीख लिहायला विसरू नका.